संगणकाला विषाणूंपासून जपूया



संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या आपल्या पट्ट्यात आज क्वचितच असे घर असेल की ज्या घराचे एखादे तरी काम संगणकावाचून अडत नाही. एस.एस.एल.सी. आणि पी.यू.सी. परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्ती, आधार, जमिनीचा उतारा, पतसंस्थेचे खाते, वीजबिल ही सगळी कामे संगणकावरच होतात. आपला विद्यार्थी तर एका वेळी दोन राज्यांच्या अर्जांशी झुंजतो. इकडे कर्नाटकाची सीईटी, तिकडे कोल्हापूर-पुण्याकडे जायचे म्हणून महाराष्ट्राची सीईटी. फोटो, सही, जातीचा दाखला, गुणपत्रिका यांच्या स्कॅन केलेल्या प्रती पेन ड्राइव्हमध्ये घालून तो या दुकानातून त्या दुकानात फिरत असतो.

शाळेचेही तसेच आहे. पूर्वी शाळेची सारी स्मृती जनरल रजिस्टरमध्ये असे. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेला मनुष्य जन्मतारखेच्या पुराव्यासाठी येतो, तेव्हा त्याच रजिस्टरचे पान उलगडावे लागते. आता रजिस्टरबरोबर विद्यार्थ्यांची माहिती, गुणतक्ते, फीचा हिशेब, देणगीदारांच्या याद्या, जुन्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे हे सर्व संगणकात आहे. कागदाला वाळवी लागते, तशी या माहितीलाही एक कीड लागते. तिला आपण संगणकाचा विषाणू किंवा व्हायरस म्हणतो. ही कीड कशी लागते, लागू नये म्हणून काय करावे आणि लागलीच तर काय करावे, याची माहिती देण्यासाठी हा लेख. आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतलेले शिक्षक आहोत, संगणकतज्ज्ञ नव्हे. म्हणून जे सांगू ते सोप्या शब्दांत आणि रोजच्या उपयोगाचे सांगू.

विषाणू म्हणजे नेमके काय?

संगणकाचा विषाणू हा काही जिवाणू नाही. धुळीने किंवा पावसाळ्याच्या ओलीने तो होत नाही. तो माणसाने लिहिलेला एक प्रोग्राम असतो. आपला वर्ड किंवा टॅली हाही प्रोग्रामच आहे. फरक इतकाच की वर्ड आपल्या उपयोगासाठी लिहिला आहे आणि विषाणू आपल्या नुकसानीसाठी. अशा सर्व उपद्रवी प्रोग्रामना मिळून मालवेअर म्हणतात. त्यांचे मुख्य प्रकार असे :

१) व्हायरस – हा दुसऱ्या फाइलला चिकटून राहतो. ती फाइल कोणी उघडली की जागा होतो आणि आपल्या प्रती काढून इतर फाइलींना चिकटवतो.

२) वर्म, म्हणजे किडा – याला दुसऱ्या फाइलचा आधार लागत नाही. नेटवर्कच्या तारेतून तो स्वतःच एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो.

३) ट्रोजन – वरून उपयोगी दिसतो, आत शत्रू असतो. लाकडी घोड्याच्या पोटात सैनिक लपवून ट्रॉय नगरात शिरलेल्या ग्रीकांच्या कथेवरून हे नाव पडले.

४) स्पायवेअर – हा हेर. आपण कोणती कळ दाबली, कोणता पासवर्ड टाकला, हे गुपचूप टिपून दुसऱ्याकडे पाठवतो.

५) रॅन्समवेअर – हा खंडणीखोर. आपल्या फाइलींना असे कुलूप लावतो की आपल्यालाच त्या उघडता येत नाहीत. मग किल्लीसाठी पैसे मागतो.

थोडा इतिहास

वैयक्तिक संगणकावर जगभर पसरलेला पहिला विषाणू 'ब्रेन' या नावाचा. तो १९८६ साली लाहोरमधील दोन अल्वी बंधूंनी तयार केला. गंमत अशी की त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवला होता. फ्लॉपीतून फ्लॉपीत जात तो देशोदेशी पोचला.

आपल्याला अधिक जवळचा वाटेल असा विषाणू म्हणजे 'जोशी'. हो, हेच त्याचे नाव! १९९० मध्ये तो प्रथम भारतात आढळला. ५ जानेवारी या दिवशी संगणक चालू केला की पडदा अडून बसे आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करा, असा हुकूम सोडी. तेवढे टाइप केले की संगणक पुन्हा चालू होई. आज आपल्याला हसू येते. पण त्या काळी ज्याच्या कार्यालयात एकच संगणक होता, त्याला हसू आले नसणार.

याच काळात सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरकडचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्तीचे काम करत होते. घरच्या परिस्थितीमुळे त्यांचे शिक्षण दहावीच्या पुढे गेले नाही. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत यंत्राचा दोष थोडा आणि विषाणूंची बाधाच जास्त, हे या भावांच्या लक्षात आले. संजय यांनी विषाणू काढणारा प्रोग्राम लिहिला, कैलास यांनी तो लोकांपर्यंत नेला. त्यातून १९९५ मध्ये कंपनी उभी राहिली आणि 'क्विक हील' हे नाव देशभर झाले. २०१६ मध्ये ती शेअर बाजारातही नोंदली गेली. आम्ही येथे कोणत्याही मालाची जाहिरात करत नाही. पण विद्यार्थी मित्रांनो, रोजच्या कामात दिसणाऱ्या अडचणीकडे नीट पाहिले तर त्यातून केवढे काम उभे राहू शकते, हे आपल्याच भाषेतील या दोन भावांकडून शिकण्यासारखे आहे.

आपल्याकडे विषाणू येतो कोठून?

पहिली वाट पेन ड्राइव्हची. झेरॉक्स सेंटर, फोटो स्टुडिओ, सायबर कॅफे, डी.टी.पी.चे दुकान येथे दिवसभरात शंभर जणांचे पेन ड्राइव्ह एकाच संगणकाला लागतात. एकाची बाधा सर्वांना होते. पूर्वी पेन ड्राइव्ह लावताक्षणी त्यातील प्रोग्राम आपोआप चालू करण्याची सोय विंडोजमध्ये होती. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या 'कॉन्फिकर' या किड्याने पसरण्यासाठी तिचाही फायदा घेतला. पुढे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधील ही सोय बंद करणारी सुधारणा दिली. मग विषाणू लिहिणाऱ्यांनी दुसरी युक्ती काढली. पेन ड्राइव्हमधील आपले खरे फोल्डर ते लपवतात आणि त्याच नावाचा शॉर्टकट तेथे ठेवतात. आपण तो फोल्डर समजून दाबतो आणि विषाणूला स्वतःच्या हाताने जागे करतो. यालाच दुकानदार 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात. अशा वेळी 'माझे सगळे गेले' म्हणून घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नये. बहुतेक वेळा फाइली तेथेच लपलेल्या असतात. आधी विषाणू काढावा, नंतर विंडोजमध्ये 'हिडन आयटम्स' ही खूण लावावी. फाइली दिसू लागतात.

दुसरी वाट फुकटच्या सॉफ्टवेअरची. आपल्याकडे 'फुकट ते पौष्टिक' म्हणतात, पण येथे फुकट ते विषारी ठरते. मराठी टाइपिंगसाठी श्रीलिपी, आय.एस.एम. अशी सॉफ्टवेअर गेली अनेक वर्षे वापरात आहेत. ती विकत न घेता त्यांची 'क्रॅक' केलेली प्रत एकमेकांना देण्याची पद्धत पडली आहे. विंडोज, ऑफिस, फोटोशॉप यांचेही तेच. क्रॅक चालवण्यासाठी 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना असते. घरात शिरण्यापूर्वी कुत्रा बांधून ठेवा म्हणणारा पाहुणा कसा असेल, याचा विचार आपणच करावा. आता तर युनिकोडमुळे मराठी टाइपिंग विंडोजमध्येच मोफत मिळते, कन्नडसाठी 'नुडी' मोफत आहे आणि वर्डच्या जागी 'लिब्रे ऑफिस' मोफत वापरता येते. मग चोरीचा माल कशाला?

तिसरी वाट ई-मेल आणि व्हॉट्सअॅपची. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' नावाचा किडा निघाला. प्रेमपत्र म्हणून जोडलेल्या फाइलच्या नावात 'टीएक्सटी' असे होते, त्यामुळे ती साधी मजकुराची फाइल वाटे. पण नावाच्या अगदी शेवटी 'व्हीबीएस' ही अक्षरे होती आणि त्यांचा अर्थ 'हा प्रोग्राम आहे' असा होता. विंडोज शेवटची अक्षरे लपवत असल्याने लोक फसले आणि काही दिवसांतच तो लाखो संगणकांवर पोचला. पंचवीस वर्षे उलटली तरी युक्ती तीच आहे. 'निकाल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' अशा नावाची फाइल निकाल दाखवत नाही, ती चालू होते. मोबाइलवर लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, बँकेचे केवायसी अशा नावांनी 'एपीके' फाइली येतात, तोही याचाच धाकटा भाऊ. लग्नपत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते, तिला एपीके असण्याचे काहीच कारण नाही.

चौथी वाट खोट्या इशाऱ्याची. एखादी साइट पाहताना पडदा लाल होतो, भोंगा वाजतो आणि 'तुमच्या संगणकात विषाणू आहेत, या नंबरवर फोन करा' असे दिसते. हा कुंपणच शेत खात असल्याचा प्रकार आहे. खरा अँटिव्हायरस कधी फोन करायला सांगत नाही. अशा वेळी ब्राउझर बंद करावा. बंद होत नसेल तर संगणक बंद करावा. फोन मात्र करू नये.

पुण्याच्या बँकेवरील हल्ला

'आमच्याकडे चोरण्यासारखे आहेच काय?' असा प्रश्न पालक आणि कधी कधी विश्वस्तही करतात. त्याचे उत्तर पुण्यात घडलेल्या घटनेत मिळते. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या संगणक व्यवस्थेत मालवेअर घुसवण्यात आले. एटीएममधून कोणी पैसे मागितले की 'द्यावे की न द्यावे' हे सांगणारी बँकेची एक यंत्रणा असते. चोरांनी तिच्या जागी आपली खोटी यंत्रणा उभी केली आणि ती प्रत्येक मागणीला 'द्या' असेच उत्तर देऊ लागली. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही अडीच कोटींच्या आसपास रक्कम काढली गेली. ज्या शहरांतून ती काढली त्यांत आपले शेजारचे कोल्हापूरही होते. १३ ऑगस्ट रोजी आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. एकूण नुकसान ९४ कोटींहून अधिक. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने आपल्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एटीएममधून पैसे काढणाऱ्या टोळीतील ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दोषी ठरवले.

आपला सीमाभाग सहकारावर उभा आहे. पतसंस्था, सोसायट्या, दूध संघ, साखर कारखाने यांचे अनेक संचालक आणि सेवक याच शाळेचे पालक आहेत. चोराला संस्था मोठी की लहान याच्याशी कर्तव्य नसते. दार उघडे आहे की नाही एवढेच तो पाहतो. पतसंस्थेतील एका क्लार्कच्या संगणकावर मुलाने आणलेला गेमचा पेन ड्राइव्ह लागला, तर तेवढी फटही पुरते.

दोन महिन्यांचा आळस आणि एक लोडशेडिंग

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर किडा सुटला. दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणकांना त्याने कुलूप लावले. इंग्लंडमध्ये रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील काही पोलीस ठाण्यांचे संगणक बंद पडले. आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की हा किडा विंडोजमधील ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिलेली होती. म्हणजे दोन महिने औषध घरात होते, घेतले मात्र नाही! 'अपडेट करा' ही सूचना आली की आपण 'नंतर पाहू' हे बटण दाबतो, त्याची ही किंमत.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, 'नॉटपेट्या' आला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच तो पसरला. यावरून एक कळते की एकच कुंपण पुरत नाही. मर्स्क या जहाज कंपनीचा जगभरचा कारभार त्याने ठप्प केला. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही अडले आणि कंटेनरच्या रांगा लागल्या. कंपनीने दहा दिवसांत सुमारे ४५ हजार संगणक नव्याने सज्ज केले. पण सर्व संगणकांची ओळख सांभाळणारी जी मूळ माहिती होती, तिच्या साऱ्या प्रती नष्ट झाल्या होत्या. एकच प्रत वाचली, ती आफ्रिकेतील घाना देशात. का वाचली? हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि तो संगणक नेटवर्कपासून तुटलेला होता! लोडशेडिंगला आपण नेहमी दोष देतो, त्या दिवशी मात्र त्याने एवढ्या मोठ्या कंपनीला तारले. यातील धडा असा की माहितीची एक प्रत नेहमी तारेपासून दूर ठेवलेली असावी.

आपण काय करावे?

हिंदीत एक घोषवाक्य रस्त्यांवर लिहिलेले असते : 'सावधानी हटी, दुर्घटना घटी'. संगणकालाही ते तितकेच लागू आहे. पुढील सवयी प्रत्येकाने लावून घ्याव्यात.

१) अपडेट टाळू नका. विंडोज, ब्राउझर आणि ऑफिस यांची आपोआप होणारी अपडेट चालू ठेवा. विंडोज ७ ची साथ १४ जानेवारी २०२० रोजी संपली आहे. विंडोज १० ची नियमित साथही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या मुदतवाढीच्या योजनेची चौकशी करावी किंवा संगणक पेलत असेल तर विंडोज ११ घ्यावे. ज्यांचा संगणक जुना आहे त्यांना लिनक्सचा मोफत पर्याय आहे. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने 'बॉस लिनक्स' भारतीय भाषांच्या सोयीसह तयार केले आहे.

२) एकच अँटिव्हायरस, पण चालू असलेला. विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' हा अँटिव्हायरस मुळातच असतो. घरच्या वापराला तो पुष्कळ झाला. दुसरा विकत घेतला तर त्याची वर्षाची मुदत संपू देऊ नका. मुदत संपलेला अँटिव्हायरस हा रजेवर गेलेल्या पहारेकऱ्यासारखा असतो. दोन-दोन अँटिव्हायरस एकत्र घालू नका. ते एकमेकांनाच अडवतात आणि संगणक रेंगाळतो. अति तेथे माती.

३) पेन ड्राइव्ह आधी तपासा. लावल्यावर लगेच उघडू नका. त्यावर उजवी कळ दाबून 'स्कॅन' करा, मग उघडा. दुकानात प्रिंटआउट काढण्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा आणि त्यात लागेल तेवढीच फाइल न्या.

४) फाइलचे पूर्ण नाव पाहा. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'फाइल नेम एक्सटेन्शन्स' ही खूण लावली की नावाची शेवटची अक्षरे दिसू लागतात. शेवटी ईएक्सई, व्हीबीएस, बीएटी, एससीआर किंवा जेएस असेल आणि ती फाइल आपण मागवली नसेल, तर ती उघडायची नाही. आलेल्या वर्ड किंवा एक्सेल फाइलने 'मॅक्रो चालू करा' म्हटले तर करू नका.

५) रोजच्या वापराला साधे खाते. विंडोजमध्ये 'अॅडमिनिस्ट्रेटर' आणि 'स्टँडर्ड' अशी दोन प्रकारची खाती असतात. पहिल्याकडे घराच्या सर्व किल्ल्या असतात. मुलांना दुसऱ्या प्रकारचे खाते द्यावे. मग चुकून विषाणू शिरला तरी त्याच्या हाती सगळ्या किल्ल्या लागत नाहीत.

६) पासवर्ड वेगवेगळे ठेवा. ई-मेल आणि बँक यांचा पासवर्ड एक असू नये. जन्मतारीख, गाडीचा नंबर, मुलाचे नाव टाळा. ई-मेलला 'दोन पायऱ्यांची पडताळणी' चालू करा. सायबर कॅफेच्या संगणकावर बँकेचे खाते उघडू नका.

७) माहितीच्या तीन प्रती. एक संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी वेगळ्या जागी किंवा इंटरनेटवरील साठ्यात. हार्ड डिस्क काम झाले की काढून कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेल्या डिस्कला खंडणीखोर विषाणू संगणकाबरोबरच कुलूप लावतो. आणि सहा महिन्यांतून एकदा ती प्रत खरोखर उघडते का, हे पाहावे. न तपासलेली प्रत ही न वाजवून घेतलेल्या मडक्यासारखी असते.

बाधा झालीच तर?

संगणक एकाएकी मंद झाला, नको त्या जाहिराती येऊ लागल्या, फाइलींची नावे बदलली, अँटिव्हायरस आपोआप बंद पडला, आपल्या नावाने मित्रांना भलतेच संदेश गेले, तर बाधेचा संशय घ्यावा. प्रत्येक वेळी विषाणूच असेल असे नाही. हार्ड डिस्क जुनी झाली तरी संगणक मंद होतो. पण संशय आला की क्रमाने पुढील गोष्टी कराव्यात.

प्रथम इंटरनेटची तार काढावी, वाय-फाय बंद करावे. जोडलेले पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क काढून ठेवाव्यात. मग अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करावी. डिफेंडरमध्ये 'ऑफलाइन स्कॅन' आहे. तो विंडोज सुरू होण्याआधी तपासतो, त्यामुळे लपून बसलेला विषाणूही सापडू शकतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचे 'सायबर स्वच्छता केंद्र' फेब्रुवारी २०१७ पासून आहे. तेथे सफाईची साधने मोफत मिळतात. तरीही शंका राहिली तर विंडोज नव्याने घालणे आणि प्रतीवरून माहिती परत आणणे हाच खात्रीचा मार्ग. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून. नाहीतर नवा पासवर्डही हेराच्या हाती जाईल.

खंडणी मागितली तर पैसे देऊ नयेत. पैसे देऊनही किल्ली मिळेल याची हमी नाही, आणि चोराचा धंदा मात्र वाढतो. 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात युरोपातील पोलिसांनी आणि संगणक सुरक्षा कंपन्यांनी २०१६ पासून काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या मोफत ठेवल्या आहेत; तेथे आधी पाहावे. कुलूप लागलेल्या फाइली पुसून टाकू नयेत. आज नाही तरी पुढे किल्ली मिळू शकते.

पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर कळवू तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जिल्ह्यातील सी.ई.एन. पोलीस ठाण्यात देता येते. लाजेने गप्प बसू नये.

येथे विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. मजेखातर दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडणे हा खेळ नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये ते कृत्य नमूद आहे आणि कलम ६६ प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बुद्धी असेल तर ती काटकर बंधूंच्या वाटेने लावावी.

शाळा, पालक आणि संस्था

हे काम एकट्याने होणारे नाही. विद्यार्थ्यांनी शाळेच्या संगणक कक्षात स्वतःचा पेन ड्राइव्ह शिक्षकांना विचारल्याशिवाय लावू नये. पेन ड्राइव्ह लावल्यावर काही विचित्र घडले तर लगेच सांगावे. सांगणाऱ्या मुलाला रागावायचे नाही, असा नियम आम्ही शिक्षकांनीही पाळला पाहिजे. रागाच्या भीतीने मूल लपवते आणि तेवढ्या वेळात विषाणू साऱ्या कक्षात पसरतो.

पालकांनी मुलाला घरचा संगणक देताना तो कशासाठी वापरतो याची मायेने विचारपूस करावी. पुष्कळ घरांत मुलालाच संगणक अधिक कळतो. त्यात कमीपणा मानू नये. 'बाळा, हे काय आले आहे, उघडू का?' असे आई-वडिलांनी विचारले तर मुलालाही जबाबदारी कळते आणि घरही वाचते.

विश्वस्त महोदयांना नम्र विनंती अशी की, संगणक खरेदीच्या ठरावाबरोबरच अधिकृत सॉफ्टवेअर, दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आणि वर्षातून एकदा तपासणी यांचीही तरतूद अंदाजपत्रकात असावी. सीमाभागातील मराठी शाळा लोकवर्गणीतून चालतात, एकेक रुपया मोजून खर्च करावा लागतो, याची आम्हाला जाणीव आहे. पण हार्ड डिस्क बाजारात पुन्हा विकत मिळते; तीन पिढ्यांची नावे, जन्मतारखा आणि देणगीदारांच्या नोंदी कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. आपल्या माणसांना आपल्या शाळेचा पुरावा पुढेही लागणार आहे. तो सुरक्षित ठेवणे हे इमारत दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे काम आहे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पुण्याच्या बँकेला, जवाहरलाल नेहरू बंदराला आणि परदेशातील रुग्णालयांना लागलेली ठेच पाहून आपण शहाणे व्हावे. निदान या आठवड्यात प्रत्येक घराने तीन गोष्टी कराव्यात : अपडेट पूर्ण करावे, पेन ड्राइव्ह तपासावा आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत काढून कपाटात ठेवावी. एवढे केले तरी बरेच साधेल.